सुभाष रोडवर चालायचं कुठून?

बीडकर हो,

सुभाष रोडला खरेदीला जाल तेव्हा एकदा पायाखाली बघा. दुकानाचा ओटा नालीवर आलेला, ओट्यापुढे पाटी, पाटीपुढे दुचाक्यांची रांग, रांगेपुढे आडवी लावलेली फोरव्हीलर. त्याच्याही पलीकडून, रिक्षाचा आरसा चुकवत, कडेवर लेकरू घेऊन जी बाई चालली आहे, तिच्यासाठी या रस्त्यात किती इंच जागा ठेवली आहे?

गर्दी झाली की आपली मागणी ठरलेली: रस्ता रुंद करा. रुंद करतात. मोकळ्या झालेल्या जागेत गाड्या लागतात. मग ‘अतिक्रमण हटाव’ निघतं, जेसीबी येतो आणि केळीवाल्याचा गाडा उचलून नेतो. दिवसभर फुकट उभी असलेली चारचाकी मात्र अतिक्रमण नाही! २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की आधी विक्रेत्यांचं सर्वेक्षण करा. ते पूर्ण होईपर्यंत कुणाला हटवता येत नाही. गाडीवाल्याला असं संरक्षण कुठल्याच कायद्यानं दिलेलं नाही, तरी ते त्यालाच मिळतं.

हे गाव मुळात पायी चालणाऱ्यांचं. कोतवाली वेस, राजुरी वेस, बिंदुसरा नदीपलीकडची पेठ या वस्त्या मोटारी येण्याआधीच्या. घर, दुकान, मशीद, देऊळ, सगळं हाकेच्या अंतरावर. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १,४६,७०९ होती. एवढ्या गावात रोजची निम्मी कामं पायी उरकायला हवीत. पण जालना रोड, बार्शी रोड, नगर रोडला प्लॉटिंग वाढलं, ते ‘रोड टच’ म्हणून विकलं गेलं. (रोडला टच होतो तो प्लॉट. शाळा, किराणा, दवाखाना यांना कोण टच करणार?) दुधाची पिशवी आणायला गाडीला किक, आणि ती गाडी पुन्हा सुभाष रोडवर.

व्यापारी बांधव म्हणतात, गाडी दारात आली नाही तर गिऱ्हाईक तुटेल. एका मोटारीच्या जागेत पाच-सहा दुचाक्या मावतात, आणि माणसं तर कितीतरी. शिवाय गाडीतून दुकानाची पाटी दिसते. आत येतो तो चालणारा. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडचा काही भाग दिवसभर फक्त पादचाऱ्यांना देतात. तो बाजार काही उठून गेलेला नाही.

१४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की फुटपाथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि दिव्यांगांनाही तो वापरता आला पाहिजे. इंडियन रोड्स काँग्रेसचं मापही ठरलेलं आहे: अडथळ्याविना किमान १.८ मीटर रुंदी, उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही. ही रुंदी म्हणजे जवळपास सहा फूट. खांब, डीपी, जाहिरातीचा फलक वगळून सहा फूट!

आमचं मागणं एवढंच. सुभाष रोडच्या नाल्या झाकून त्यावर सलग फुटपाथ करा, गाडेवाल्यांना आखलेली जागा द्या, चारचाकीला तासाप्रमाणे पैसे लावा. नव्या लेआउटला मंजुरी देताना शाळेपर्यंत सावलीचा पायरस्ता नकाशावर दाखवायला लावा. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये कडुनिंबाशिवाय चालवत नाही.

शहराच्या विकास योजनेचं प्रारूप जाहीर होईल तेव्हा हरकत नोंदवायला मुदत असते. आपल्या वॉर्डातली फुटपाथ नसलेली गल्ली लिहून ठेवा, अर्ज नगर परिषदेत द्या आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

— पायी चालणारे बीडकर