काज-बटणाचा विचार शेवटी नको, आधी हवा

कपड्याच्या धंद्यात सगळ्यांत शेवटी आठवणारी गोष्ट म्हणजे काज-बटण. कापड निवडताना आपण चार दुकाने फिरतो, कटिंग मास्टर चांगला मिळावा म्हणून जादा पगार देतो, शिलाईत दोष निघाला तर माल परत पाठवतो. पण बटण, चेन, हुक, नाडी यांची पाळी आली की, "जे स्वस्त मिळेल ते लाव" असे सांगून मोकळे होतो. ही सवय आपल्या कारागीर आणि व्यापारी बांधवांनी सोडावी, असे मला वाटते. त्यात गिऱ्हाइकाचे भले आहेच, पण त्याहून अधिक आपल्या धंद्याचे भले आहे.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या कारखान्याने एका शाळेचा गणवेश शिवला. माल वेळेवर गेला, पैसेही आले. महिनाभराने ओळखीच्या एक बाई दुकानात आल्या. म्हणाल्या, "भाईजान, शिलाई चांगली आहे हो, पण पोराला पँट उघडताच येत नाही. वर्गात दोनदा कपडे ओले झाले. आता शाळेचे नाव काढले की रडतो." पँट पाहिली. कमरेला लोखंडी हुक, त्याच्या आत बटण, खाली बारीक टोकाची चेन. मोठ्या माणसाच्या पँटचा नमुना आम्ही तसाच लहान करून पहिलीच्या मुलाला दिला होता. मापात चूक नव्हती, शिलाईत चूक नव्हती. पण सहा वर्षांच्या मुलाच्या बोटांचा विचार आमच्यापैकी एकानेही केला नव्हता. त्या मुलाची जी फजिती झाली तिला आमचा कारखाना जबाबदार होता.

उघडझाप हेच कपड्याचे दार

कपडा अंगात घालायचा तर त्याला तोंड ठेवावे लागते आणि ते तोंड बंद करण्याची काही सोय करावी लागते. घराला जसे दार, तसे कपड्याला हे तोंड. आपल्या पूर्वजांनी यावर बराच विचार केला होता. महाराष्ट्रातील बाराबंदीचे नावच तिच्या बारा बंदांवरून पडले. अंगरखा आणि जामा बंदांनीच बांधत. मोगलांच्या काळात मुसलमान जाम्याचे बंद उजव्या बाजूला बांधत आणि हिंदू डाव्या बाजूला, म्हणजे नुसत्या बंदांवरून माणूस ओळखू येई. शेरवानी-अचकनीवर कापडाची घुंडी आणि दोऱ्याचा फासा असे. उर्दूतील घुंडी आणि मराठीतील गुंडी हे एकाच घरचे शब्द आहेत.

बटण फार जुने आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननात शिंपल्याची बटणे सापडली आहेत, पण ती शोभेची असावीत असे मानतात. बटणाला काज करून कपडा घट्ट बंद करण्याची रीत युरोपात तेराव्या शतकाच्या सुमारास पसरली. काज हा आपला नेहमीचा शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला आहे.

चेनची हकीकत तर प्रत्येक कारागिराने लक्षात ठेवावी अशी आहे. अमेरिकेतील व्हिटकॉम जडसन यांनी 1893 साली बुटासाठी एक सरकते बंधन बनवले, पण ते वारंवार सुटायचे. गिडियन सुंडबॅक यांनी 1913 साली त्यात सुधारणा करून आजच्यासारखी दातांची चेन तयार केली. पँटला चेन लावण्याची पद्धत रूढ होण्यास 1930 चे दशक उजाडावे लागले. वेल्क्रोची गोष्टही तशीच. स्वित्झर्लंडचे जॉर्ज द मेस्त्राल 1941 साली शिकारीहून परतले तेव्हा कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना रानातील काटेरी फळे चिकटलेली होती. ती का चिकटतात हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यातून ही युक्ती निघाली. तिचे पेटंट मिळेपर्यंत 1950 चे दशक आले. सांगायचे एवढेच, की या क्षेत्रात ज्याने बारकाईने पाहिले आणि चिकाटी धरली त्यालाच यश मिळाले.

आपल्या गिऱ्हाइकाची बोटे

आता आपल्या रोजच्या मालाकडे पाहू.

पूर्ण बाहीचा शर्ट घ्या. आपला गिऱ्हाईक नमाजी असेल तर दिवसातून पाच वेळा वुजूसाठी त्याला बाही कोपराच्या वर न्यावी लागते. बाजारातील शर्टाचा कफ यासाठी बनलेलाच नसतो. कफ अरुंद, बाहीची चीर आखूड आणि चिरेवर मध्येच आणखी एक छोटे बटण. ओल्या हाताने ते निघत नाही, माणूस बाही तशीच ओढतो आणि काज फाटते. चीर दोन-तीन इंच लांब ठेवली, कफ थोडा सैल केला आणि कफावर बटणाऐवजी टिचबटण लावले, तर एका झटक्यात बाही मोकळी होते. मात्र पातळ कापडावर टिचबटण लावताना आत बकरमचा तुकडा हवाच, नाहीतर बटण कापडासकट हातात येते. हा शर्ट खास नमाजी माणसासाठी बनवला आहे, असे सांगून तो विकता येईल. हे काम आपल्या कारागिराने करायचे नाही तर कोणी करायचे?

बुरखा आणि अबाया यांचेही तसेच. समोर फक्त टिचबटणे लावली तर चालताना, बसमध्ये चढताना मधली फट उघडते. फक्त चेन लावली आणि तिचा सरकता भाग निकामी झाला, तर भर रस्त्यात सगळा कपडाच उघडा पडतो. पडदा पाळणाऱ्या बहिणीसाठी ही किती अवघड गोष्ट आहे, हे वेगळे सांगायला नको. चेनच्या आतून दोन-तीन हुक किंवा फासे दिले की चेन बिघडली तरी अब्रू राहते. अंगावर पाजणाऱ्या आईसाठी शिवणीत दडवलेली छोटी चेन देता येते. या गोष्टी घरातील स्त्रियांना विचारल्या तर त्या चटकन सांगतील. आपण विचारत नाही, हीच अडचण आहे.

वृद्धांचा विचार तर जवळजवळ कोणीच करत नाही. 2011 च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील लोक दहा कोटींहून अधिक होते आणि अपंगांची संख्या 2 कोटी 68 लाख होती. ज्याच्या बोटांचे सांधे सुजले आहेत, ज्याचा हात कापतो, ज्याची एक बाजू लकव्याने गेली आहे, त्याला कुर्त्याचे बारीक बटण म्हणजे रोजची परीक्षा. परदेशात मोठमोठ्या कंपन्या आता असे कपडे काढतात. टॉमी हिलफिगर या कंपनीने 2016 साली अपंग मुलांसाठी बदललेल्या बंधनांचे कपडे बाजारात आणले. वरून बटण दिसावे आणि आत लोहचुंबक असावे असे शर्टही निघाले आहेत. आपण त्यांची नक्कल करण्याची गरज नाही. शिवाय हृदयात पेसमेकर बसवलेल्या माणसासाठी लोहचुंबकाचे बंधन धोक्याचे ठरू शकते. बटण मोठे घेणे, काज किंचित सैल ठेवणे, गळ्याची पट्टी खालपर्यंत नेणे एवढ्यानेही पुष्कळ काम होते.

हिशेबाच्या काही गोष्टी

बटणाचे माप लाईनमध्ये मोजतात आणि चाळीस लाईन म्हणजे एक इंच. शर्टाचे नेहमीचे अठरा लाईनचे बटण साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास भरते. लहान मुलासाठी किंवा म्हाताऱ्या माणसासाठी चोवीस लाईनचे, म्हणजे सुमारे पंधरा मिलिमीटरचे बटण धरायला कितीतरी सोपे जाते. काजाची लांबी बटणाची रुंदी अधिक त्याची जाडी एवढी धरावी. ताण आडवा पडत असेल, जसे कमरेला किंवा कफाला, तेथे काज आडवे घ्यावे. उभ्या काजातून बटण ताणाने निसटते. बटण कापडाला अगदी चिकटवून टाकू नये. कापडाच्या जाडीइतकी दोऱ्याची मान सोडावी, म्हणजे काजात बटण नीट बसते. साखळी टाक्याच्या मशीनवर टाकलेले बटण दोऱ्याचे एक टोक ओढले की उसवते. म्हणून टोक पक्के केल्याशिवाय माल पुढे जाऊ देऊ नये.

चेन घेताना तिची पट्टी पॉलिएस्टरची आणि आपले कापड सुती असेल, तर कापड आधी पाण्यातून काढावे. नाहीतर पहिल्याच धुण्यात कापड आटते, पट्टी आटत नाही आणि चेन सापासारखी वाकडी होते. वेल्क्रो लहान मुलांना सोपे, पण धुताना त्यात धागे-कचरा अडकतो आणि कडा अंगाला टोचतात. प्रत्येक बंधनाचे असे गुण-दोष आहेत. कोणाला, कोठे, कशासाठी हे ठरवूनच निवड करावी.

निर्यातीचा माल करणाऱ्यांनी तर अधिक सावध राहिले पाहिजे. लहान मुलांच्या कपड्याच्या गळ्यातील नाडी अडकून मृत्यू झाल्याने अमेरिकेत 1996 साली तिच्याविरुद्ध मार्गदर्शक सूचना निघाल्या आणि 2011 साली अशा नाड्यांचा माल सदोष ठरवणारा नियमच झाला. कातडीला लागणाऱ्या धातूच्या बटणातून निकेल किती सुटावे, यावर युरोपने 1994 सालीच बंधन घातले. एवढ्याशा नाडीमुळे किंवा बटणामुळे अख्खी खेप नाकारली जाऊ शकते.

नक्कल किती दिवस?

मदनपुऱ्यापासून धारावीपर्यंत शिलाईच्या कामात आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. पण बहुतेक जण दुसऱ्याचा नमुना, दुसऱ्याचे कापड आणि दुसऱ्याचे लेबल घेऊन मजुरीवर काम करतात. काज-बटणाचे काम तर घरोघरी बायका नगावर करतात आणि त्यांच्या हाती सगळ्यांत कमी पैसे पडतात. जोपर्यंत नमुना दुसऱ्याचा आहे तोपर्यंत भावही दुसराच ठरवणार.

बटणाच्या कारागिरीची परंपराही आपल्याकडे आहे. उत्तर प्रदेशातील संभल येथे शिंगा-हाडांपासून बटणे व इतर वस्तू बनतात. बिहारमधील मेहसी येथे नदीतील शिंपल्यांपासून बटणे बनवण्याचा धंदा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालत आला. प्लास्टिकच्या स्वस्त मालापुढे तो खचला. चीनमधील चियाओतौ नावाचे एक छोटे गाव 1980 च्या दशकात बटणांच्या धंद्यात उतरले आणि जगाची बाजारपेठ बनले. त्यांच्याशी स्वस्ताईत आपण बरोबरी करू शकणार नाही. पण आपले गिऱ्हाईक कोण आहे आणि त्याला काय अडते, हे ज्ञान त्यांच्यापेक्षा आपल्याजवळ जास्त आहे. तेच आपले भांडवल.

काही नवे सुचले तर ते नोंदवून घ्यावे. आपल्या देशात डिझाइन कायदा 2000 नुसार वस्तूच्या नव्या आकाराची किंवा रूपाची नोंदणी होते. तिचे संरक्षण दहा वर्षे मिळते आणि पुढे पाच वर्षे वाढवता येते. मात्र नमुना बाजारात येण्याआधीच अर्ज करावा लागतो. बंधनाची यंत्ररचनाच नवी असेल तर मार्ग पेटंटचा, ज्याची मुदत वीस वर्षांची. एकट्या कारागिराला हे कागदपत्र जड जातात. येथे आपल्या व्यापारी संघटनांनी आणि शिकलेल्या तरुणांनी पुढे यावे.

काही बंधू म्हणतील, गिऱ्हाईक यासाठी जादा पैसे देत नाही. पहिल्या वेळी देत नाही, हे खरे. पण ज्याच्या मुलाला पँट स्वतः उघडता येते तो पुढच्या वर्षी दुसरे दुकान शोधत नाही. आम्ही त्या गणवेशाची कंबर मागून इलास्टिकची केली, हुक काढून एक मोठे बटण दिले आणि चेनला बोटात धरता येईल असा फासा लावला. खर्च किरकोळ वाढला. मग नमुना मंजूर करण्यापूर्वी शेजारच्या पाच मुलांना पँट घालायला आणि काढायला लावली. आता आम्ही दर नव्या नमुन्याची अशी परीक्षा घेतो. एकदा कोरड्या हाताने, एकदा ओल्या हाताने आणि वीस वेळा धुऊन.

प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगाजवळ थांबले, त्यात हात घातला आणि आत ओलावा लागला, तेव्हा ओला भाग वर का ठेवला नाही असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, ही हकीकत आपल्या सर्वांना ठाऊक आहे. झकपक कपड्यात दोन धुण्यांत बिघडणारी चेन लावणे हे कोरड्या धान्याखाली ओले धान्य ठेवण्यासारखेच नाही काय? आपल्या कारागीर बांधवांनी पुढचा नमुना कापण्याआधी एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा, की हा कपडा कोणाची बोटे उघडणार आहेत? अल्लाह आपल्या हातांच्या कामात बरकत देवो.