गावच्या कलावंताचा अर्ज आपण भरू या

यात्रेच्या पटांगणात ज्याच्या ढोलकीने आपल्याला रात्रभर जागवले, ज्याच्या वगातल्या सोंगावर आपण पोट धरून हसलो, त्या माणसाचे आज कसे चालले आहे, याची एकदा चौकशी करा. फडात होता तोवर सुपाऱ्या होत्या, उचल मिळत होती. आता हात थरथरतो, दम टिकत नाही. फडातून निवृत्त होणाऱ्याला ना भविष्यनिर्वाह निधी, ना निवृत्तिवेतन. गोंधळी, वासुदेव, शाहीर, भजनी, कीर्तनकार, दशावतारी, खडीगंमतवाले, सगळ्यांची कथा थोड्याफार फरकाने हीच आहे.

अशा कलावंतांसाठी महाराष्ट्र शासनाची एक योजना आहे. तिची सुरुवात 1954-55 सालची. आज तिचे नाव राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना असे आहे. पूर्वी कलावंतांचे अ, ब, क असे वर्ग करून कमीजास्त मानधन देत. 2024 साली हा भेद काढून सर्वांना दरमहा 5000 रुपये ठरवले गेले. अटी साध्या आहेत : वय 50 वर्षांच्या पुढे, दिव्यांग असल्यास 40च्या पुढे, कलेची किंवा साहित्याची किमान 15 वर्षे सेवा, वर्षाचे उत्पन्न 60 हजार रुपयांच्या आत, महाराष्ट्रात वास्तव्य, आणि दुसरे कुठले मासिक सरकारी निवृत्तिवेतन चालू नसावे. कलावंत गेल्यावर मानधन त्याच्या पत्नीला, किंवा तिच्या पतीला, मिळण्याची सोय आहे. दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून 100 नवी नावे निवडली जातात.

योजना आहे, पैसाही ठरलेला आहे. अडते ते कागदाशी. ज्याने उभा जन्म तोंडपाठ कवने गायली, त्याच्याकडे ‘आपण कलावंत आहात याचा पुरावा द्या’ अशी मागणी होते. त्याने पुरावा जपावा तरी कसा? बिऱ्हाड पाठीवर घेऊन आठ महिने गावोगाव हिंडणाऱ्याकडे फाइल नसते. फडाची हँडबिले पावसात गेली, फोटो दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात राहिले. त्यात आता अर्ज ऑनलाइन. जन्मतारीख आधार कार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरी. बँकेच्या खात्यावरचे नाव तिसरेच. तहसीलच्या दोन-तीन खेपा झाल्या की म्हातारा माणूस म्हणतो, ‘जाऊ द्या, नशिबात नाही.’

माझे सांगणे एवढेच आहे, की इथे त्याच्या शेजारी आपण उभे राहायचे. शिक्षक, ग्रंथपाल, बँकेतला कारकून, महाविद्यालयात शिकणारी मुलगी, मोबाइल नीट वापरता येणारा कुणीही हे काम करू शकतो.

पुरावा शोधायचा तो गावातच. यात्रा कमिटीच्या जुन्या जमाखर्चाच्या वहीत फडाला दिलेल्या सुपारीची नोंद असते. यात्रेच्या छापील पत्रिकेत नावे असतात. आकाशवाणीवर कार्यक्रम झाला असेल तर कराराचे पत्र ट्रंकेच्या तळाशी सापडते. वर्तमानपत्राचे कात्रण, शाळेच्या स्नेहसंमेलनातला सत्कार, मंडळाचे प्रमाणपत्र, लग्नाच्या अल्बममधला गोंधळाचा फोटो, जे मिळेल ते गोळा करा आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढा. सोबत आधार, वयाचा आणि रहिवासाचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक जोडा. नावातला फरक अर्ज भरण्याच्या आधी दुरुस्त करून घ्या, नाहीतर मंजूर झालेला पैसाही खात्यात यायचा नाही. नियम बदलत असतात, म्हणून पंचायत समितीत किंवा जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात चालू अटी आणि मुदत विचारून घ्या. निराधार योजनेचे पैसे घरात येत असतील, तर पुढे काय करावे हेही तिथेच विचारा. अर्जाची पोच जपून ठेवा. मानधन सुरू झाले की हयातीच्या दाखल्याची आठवण दर वर्षी तुम्हीच करून द्या.

काही जण म्हणतील, लोककला लोकांनी जगवावी, सरकारी पैसा पाण्याला आणि दवाखान्याला जावा. पाणी आणि दवाखाना हवाच. पण लोकाश्रयावर उभ्या असलेल्या कलेचे काय होते, ते आपण पाहिले आहे. नारायणगावात दर वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक येऊन सुपाऱ्या देतात. त्याच हंगामावर फडाचे वर्ष निघते. 2020 आणि 2021 साली करोनामुळे यात्रा भरल्या नाहीत. फडमालक सावकाराच्या कर्जात गेले आणि कलावंत मजुरीला. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर तिकिटावर नाटके चालतात, प्रेक्षक गर्दी करतात; तिथले परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. लोकाश्रय एवढा भक्कम असूनही हंगाम संपल्यावर नटाचे पोट दुसऱ्या कामावरच चालते. म्हातारपणी ते कामही होत नाही.

सन्मानाने पोट भरत नाही, हे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या आयुष्याने सांगितले आहे. राष्ट्रपतींच्या हातून गौरव झालेल्या या कलावतीची अखेरची वर्षे ओढगस्तीत गेली. 2002 साली त्या वारल्या. त्यांच्या नावाचा शासकीय जीवनगौरव पुरस्कार त्यानंतर सुरू झाला.

कलेला राजाश्रय ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1915 साली पॅलेस थिएटर उभे केले, तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले. 2024च्या ऑगस्टमध्ये ते आगीत जळाले, तेव्हा सारे शहर हळहळले आणि पुन्हा उभारणीची मागणी लगेच झाली. त्या मागणीमागे लोक होते, म्हणून सरकार हलले. आज राजाच्या जागी करदाता आहे. नाट्यगृहासाठी आपण जसा आवाज उठवतो, तसाच माणसासाठीही उठवायला हवा.

त्यासाठी ग्रामसभा आहे. वर्षातून किमान चार सभा घेणे ग्रामपंचायतीला बंधनकारक आहे. पुढच्या सभेत गावातल्या कलावंतांची यादी करण्याचा ठराव मांडा : नाव, वय, कला, किती वर्षे, कुठल्या फडात. हीच यादी उद्या पुराव्याला उपयोगी पडेल. गावात बांधलेला खुला रंगमंच वर्षभर कडबा ठेवायला वापरला जात असेल, तर तो साफ करून स्थानिक मंडळाला विनाभाडे द्यावा, असाही ठराव घ्या. नगरपालिकेच्या हद्दीत राहत असाल, तर अंदाजपत्रकात सांस्कृतिक कामांसाठी ठेवलेली रक्कम कशावर खर्च झाली, हे नगरसेवकाला विचारा. तमाशा, दशावतार, खडीगंमत आणि शाहिरी पथकांना शासन अनुदान देते. तुमच्या भागातल्या पथकाला त्याची माहिती आहे का, तेही पाहा.

दोन पथ्ये मात्र पाळा. या कामाचा फोटो काढून मिरवू नका. कलावंताला त्याच्या हक्काचे मिळते आहे, कुणी भीक घालत नाही. आणि मानधनाच्या बदल्यात त्याने कुणाच्या प्रचारसभेत गावे, अशी अपेक्षा कुणालाही ठेवू देऊ नका. शाहिराचा आवाज विकत घेण्यासाठी हा पैसा नाही.

जिल्ह्याला वर्षाला 100 जागा आहेत आणि अर्ज ज्याचा पोहोचतो त्याचाच विचार होतो. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत असा एक तरी माणूस आहे. या रविवारी त्याच्या घरी जा आणि त्याचे कागद तपासायला घ्या.