वांकड्या बोटांचे नेत्रवैद्य

घरांतील वडील माणसाच्या डोळ्यांत मोतीबिंदु उतरूं लागला, तरी तें माणूस बहुधा स्वतः कांहीं बोलत नाहीं. पोथी मिटून ठेवली जाते, निवडलेल्या तांदळांत खडे राहूं लागतात, दिवेलागणीनंतर अंगणांत उतरण्याचें टाळलें जातें. आणि ‘आतां वयच झालें’ या एका वाक्यावर सारें घर समाधान मानतें. वास्तविक मोतीबिंदु म्हणजे डोळ्यांतील स्वच्छ भिंग गढूळ होणें. तें वेळींच काढलें, तर दृष्टि बहुधा परत येते. हें साधें सत्य ज्यांच्या दारापर्यंत पोंचत नव्हतें, त्यांच्यासाठीं आयुष्य वेंचणारे मदुरेचे डॉ. गोविंदप्पा व्यंकटस्वामी यांची ओळख या महिन्यांत वाचकांस करून द्यावयाची आहे.

तमिळनाडूंतील वडमलापुरम् या खेड्यांत, एका शेतकऱ्याच्या घरीं, १९१८ सालीं त्यांचा जन्म झाला. पांच भावंडांत ते थोरले. शाळेंत कागद कोठला? नदीची वाळू पसरून तीवर मुलें अक्षरें गिरवीत. गांवांत डॉक्टर नव्हता. नात्यांतल्या तीन बहिणी बाळंतपणाच्या दुखण्यांत दगावल्या, तेव्हां आपण डॉक्टर व्हावयाचें व तेंही प्रसूतीच्या शास्त्राचे, असें या मुलानें मनाशीं ठरविलें. १९४४ सालीं मद्रासेस पदवी घेऊन ते लष्करांत गेले. परंतु संधिवातानें त्यांस असें गांठलें कीं, वर्षाहून अधिक काळ अंथरुणांत गेला, लष्कराची चाकरी सुटली, आणि हातांचीं बोटें कायमचीं वांकडीं झालीं. तसल्या हातांनीं बाळंतपणें करणें शक्य नव्हतें.

तेव्हां त्यांनीं धरली नेत्रचिकित्सा! डोळ्याचें काम तर त्याहूनही नाजूक. पण स्वतःच्या हातास बेतलेलीं हत्यारें घेऊन, त्यांची सवय चिकाटीनें करून, त्या वांकड्या बोटांनीं त्यांनीं जन्मभरांत एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. या एका गोष्टीवर निराळा लेख लिहितां येईल; परंतु आमच्या मतें त्यांच्या चरित्रांतला अधिक विचार करण्याजोगा भाग पुढेंच आहे.

१९५६ पासून ते मदुरेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत नेत्रविभागाचे प्रमुख होते. रोग्यानें आपल्याकडे यावें असें म्हणत न बसतां त्यांनीं खेडोपाडीं शिबिरें भरविलीं. १९७३ सालीं ‘पद्मश्री’ मिळाली. १९७६ सालीं, वयाच्या ५८ व्या वर्षीं, ते सेवानिवृत्त झाले. येथें सामान्य माणूस पेन्शन घेऊन ओसरीवर बसता. यांनीं अकरा खाटांचें रुग्णालय काढलें, आणि योगी अरविंदांवरील निष्ठेमुळें त्यास त्यांचेंच नांव दिलें. पांच खाटा पैसे देणाऱ्यांच्या, सहा फुकटच्या! पैसा कोठून आणावयाचा? घर गहाण पडलें. घरांतील दागिनेही गेले.

हे दागिने देणारीं माणसें कोण, हें पाहण्यासारखें आहे. डॉक्टर स्वतः अविवाहित. धाकट्या भावंडांचीं शिक्षणें व लग्नें त्यांनींच पार पाडलेलीं. आतां तीं भावंडें त्यांच्या कार्यांत उतरलीं. भगिनी डॉ. नाच्चियार व त्यांचे यजमान डॉ. नम्पेरुमाळसामी हीं दोघेंही नेत्रतज्ज्ञ. अन्यत्र सुखानें मिळवितीं, तीं येथें थोड्या वेतनावर राबलीं. एकत्र कुटुंबांत वडील भावाच्या शब्दाला वजन असतें हें खरें. पण त्या शब्दाखातर स्वतःच्या संसाराची ओढाताण सोसणाऱ्या बहिणी-भावजयांची नोंद चरित्रकार क्वचितच घेतात, म्हणून ती येथें मुद्दाम केली.

रुग्णालयाची व्यवस्थाही पाहा. फुकट उपचार घेणाऱ्यास उत्पन्नाचा दाखला मागावयाचा नाहीं. कोणत्या दारानें जावयाचें हें ज्याचें त्यानें ठरवावें. पैसे देणाऱ्यास निराळी खोली, दुसऱ्यास चटई. कोणास हा भेद खटकेल. पण शस्त्र चालविणारे हात दोघांस तेच, आणि श्रीमंताच्या पैशांतून गरिबाचें भागतें. शस्त्रक्रियेच्या दालनांत एका टेबलावर काम चालू असतां शेजारच्या टेबलावर दुसरा रोगी तयार असतो. बाकी सारी तयारी खेड्यांतून आणून शिकविलेल्या मुली करितात. त्यामुळें शल्यवैद्याचा क्षणही वायां जात नाहीं.

पुढें डोळ्यांत कृत्रिम भिंग बसविण्याची पद्धत आली, तेव्हां परदेशी भिंग शंभर डॉलरांच्या वर पडे. जाड चष्मा गरिबाला आणि भिंग धनिकाला, ही वांटणी डॉक्टरांस मान्य नव्हती. १९९२ सालीं त्यांच्या संस्थेनें ‘ऑरोलॅब’ काढून तें भिंग मदुरेसच बनविण्यास आरंभ केला; किंमत दहा डॉलरांच्या आसपास आली व पुढें आणखी उतरली.

तरीही फुकट म्हटल्यावर सगळे धांवत आले, असें मात्र झालें नाहीं. बरोबर येण्यास कोणी नाहीं, दोन दिवसांची मजुरी बुडते, बसचें भाडें नाहीं, आणि शस्त्राची भीति तर आहेच! म्हणून रोग्यास गांवाहून नेणें, जेवूं घालणें व परत पोंचविणें, हेंही रुग्णालयानें आपल्याच अंगावर घेतलें. ७ जुलै २००६ रोजीं डॉक्टर निवर्तले. त्यांच्यामागें भाचे-पुतण्यांच्या पिढीनें तेंच काम चालू ठेविलें.