दोन कप्प्यांचा बटवा

संपादक महाशय,

सीमा ओलांडून दूरस्थ जोडीदाराकडे राहावयास जाणे हे ‘या पिढीचे उतावळे वेड’ असून आमच्या बुलढाणा जिल्ह्यास ते सर्वस्वी अपरिचित होते, असे आपल्या गेल्या अंकातील लेखात प्रतिपादन आहे. दोन्ही विधाने मला अमान्य आहेत.

आमचा जिल्हा ज्यात मोडतो तो वऱ्हाड ‘इंग्रजांचा मुलूख’ होता, हे लेखकाचे गृहीतच सदोष आहे. १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात आलेला हा प्रांत १९०२ मध्ये वार्षिक २५ लाख रुपयांच्या कायम पट्ट्याने त्यांच्याकडे राहिला खरा, परंतु कागदोपत्री सार्वभौमत्व निजामाचेच होते. आणि तरीही देऊळगाव राजाहून निजामाच्या प्रत्यक्ष अमलातील जालन्यास, म्हणजे बैलगाडीच्या एका दिवसाच्या वाटेवर, नांदावयास जाणाऱ्या मुलीस १९४८ पर्यंत तरी करोडगिरीचा म्हणजे जकातीचा नाका, उर्दू दफ्तर आणि निराळे नाणे यांना सामोरे जावे लागे. माझे आजोबा जालन्याच्या जिनात नोकरीस, आजी देऊळगावी. चार वर्षे पत्रांवर संसार करून अखेर तीच तिकडे गेली. तिच्या बटव्याला दोन कप्पे होते, एकात इंग्रजी कलदार, दुसऱ्यात निजामी हाली. माहेरी येताना नाका मागे पडला की ती कप्पा बदलीत असे.

राहिला उतावळेपणा. भारतीयाशी विवाह केलेल्या परकीयास १९५५ च्या नागरिकत्व कायद्यान्वये नोंदणीच्या अर्जापूर्वी सात वर्षे येथे वास्तव्य करावे लागते. हा उतावळेपणा कसा, हे लेखकाने सांगावे. जो जातो त्याचेच घर सुटते, याविषयी मात्र लेखात एक ओळही नाही.

आपला,
एक वाचक
देऊळगाव राजा, जि. बुलढाणा