बोट कापले की आधी पाणी, मग पट्टी

गेल्या पंधरवड्यात एक गृहस्थ हाताला फडके गुंडाळून दवाखान्यात आले. शहाळे सोलताना कोयती डाव्या हाताच्या तर्जनीला लागली होती. फडके सोडले तर आत हळद, हळदीवर चहाची पूड आणि बोटाच्या मुळाशी सुतळीचा फास. बोट निळे पडलेले. "डॉक्टरानू, रगात थांबला मां, मगे टाके कित्याक?" हा त्यांचा प्रश्न. ती हळद धुऊन काढण्यातच बराच वेळ गेला. जखम जेमतेम दोन सेंटिमीटरची, पण बोटाचे टोक काही केल्या वाकेना. बोट वाकवणारी दोरी, जिला आम्ही कंडरा म्हणतो, ती आत तुटली होती. त्यांना बांबोळीला पाठवावे लागले.

आपल्याकडे रक्त थांबले म्हणजे उपचार झाला, अशी समजूत आहे. माझे मत नेमके उलटे आहे. हाताच्या जखमेत रक्त बहुधा थांबतेच. बिघडते ते आत राहिलेल्या घाणीने आणि न तपासलेल्या बोटाने. हळदीशी माझे भांडण नाही, ती आमटीत जरूर घाला. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि तिच्याखाली जखम किती खोल आहे ते दिसत नाही. चुना, तंबाखू, कॉफी यांचेही तेच.

मग करावे काय? अंगठी, बांगड्या लगेच काढा. सूज आली की अंगठी कापावी लागते. नळाच्या वाहत्या पाण्याखाली जखम पाच मिनिटे धुवा, भोवतीची कातडी साबणाने. मग स्वच्छ सुती कापडाची घडी ठेवून दहा मिनिटे दाबून धरा, हात छातीच्या वर उचलून. मध्ये उघडून पाहू नका. (हे "जरा बघूया" फार नडते.) रक्त भळभळून येत असेल तर धुण्यात वेळ न घालवता आधी दाबा आणि 108 ला फोन करा. काच किंवा गळ खोल रुतला असेल तर उपटू नका.

बांधण्यापूर्वी बोट वाकते का, सरळ होते का, टोकाला स्पर्श कळतो का, हे पाहा. यातले एकही नसेल तर जखम लहान असली तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जखमेवर कापूस ठेवू नये, त्याचे तंतू चिकटतात. पट्टी बांधताना बोटांमध्ये कापडाची घडी घाला आणि टोके उघडी ठेवा. टोक पांढरे, निळे किंवा बधिर झाले तर पट्टी सैल करा.

बोट तुटून वेगळे झाले तर आमच्या भागात एक चूक हमखास होते. मासळीचा बर्फ हाताशी असतो, त्यातच बोट टाकतात. बर्फ थेट लागला की पेशी मरतात. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. पाण्यात बुडवून आणू नये.

शिंगाळ्याचा काटा लागला तर गोष्ट निराळी. त्याचे विष उष्णतेने निकामी होते. सोसेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा ते दीड तास बुडवावा. पाणी दुसऱ्या, चांगल्या हाताने आधी तपासा. वेदनेत माणूस हात भाजून घेतो. काटा आत मोडला असेल तर तो काढवून घ्या.

धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दल रोज वाद होतो. लहानपणचे डोस पूर्ण असतील तर प्रत्येक ओरखड्याला ते लागत नाही. माती-शेणाची किंवा खोल जखम असेल आणि मागच्या इंजेक्शनाला पाच वर्षे झाली असतील तर घ्यावे. स्वच्छ, लहान जखमेला दहा वर्षांचा हिशेब. पण तारीख कोणाला आठवते? कॅलेंडरवर लिहाल तर ते डिसेंबरात रद्दीत जाईल. रेशनकार्डाच्या कव्हरात एक चिठ्ठी घालून ठेवा.