मैफली परतल्या, रात्र कधी परतणार?

करोनाच्या टाळेबंदीने मार्च २०२० मध्ये बंद पडलेल्या मैफली पुन्हा सुरू झाल्या, याबद्दल एव्हाना पुरेसे लिहून झाले आहे. राज्यातील नाट्यगृहे २२ ऑक्टोबर २०२१ रोजी निम्म्या क्षमतेने उघडली. पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव दोन डिसेंबर हुकून २०२२ मध्ये पुन्हा भरला. शहरी रसिकाची प्रतीक्षा तेथे संपली. वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावातला रसिक मात्र त्याआधीपासून वाट पाहतो आहे, ती रात्रभर चालणाऱ्या मैफलीची.

या गावाच्या नावातला ‘पीर’ हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे आला. उर्सातील कव्वाली, भीमजयंतीला वामनदादा कर्डकांच्या परंपरेतील गायन, यात्रेतील भजनाची चढाओढ आणि एखाद्या हौशी मंडळाने बोलावलेला शास्त्रीय गायक, या साऱ्यांना वऱ्हाडात एकच समान धागा होता: कार्यक्रम जेवणे आटोपल्यावर सुरू व्हायचा. बाजारपेठ बंद होऊन, शेतावरची माणसे घरी येऊन, हातपाय धुऊन बसेपर्यंत नऊ वाजत. दहाला तंबोरे जुळत. मध्यरात्री मालकंस किंवा दरबारी, पहाटेच्या गारठ्यात ललत, उजाडताना भैरव, आणि मग सतरंजीवरून उठून थेट पहिल्या एस.टी.कडे. मुर्तिजापूरला जन्मलेल्या वसंतराव देशपांड्यांचे नाव निघाले की या भागातील जुनी मंडळी अजूनही रात्रीच्या हिशेबात बोलतात. अमुक चीज किती वाजता रंगली, हे त्यांना तारखेपेक्षा पक्के आठवते.

ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये ते उचलून धरले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. या निकालाला नावे ठेवण्याचे कारण नाही. मूळ याचिकेत ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटात एका अत्याचारित मुलीचा आक्रोश कोणाला ऐकूच गेला नाही, या घटनेचा आधार होता. आजारी माणसाची झोप आपल्या दरबारीपेक्षा मोठी, हे रसिकालाही मान्य व्हावे.

मात्र त्याच नियमांत एक तरतूद आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. सभागृह, समाजमंदिर यांसारख्या बंदिस्त जागेत, आतल्या श्रोत्यांपुरता आवाज असेल तर रात्रीची ही बंदी लागू नाही. म्हणजे कायद्याने रात्रीचे संगीत बंद केलेले नाही, उघड्यावरचे केले आहे. पण तालुक्याच्या गावांत बहुतेक मैफली होतात त्याच मुळी उघड्यावर. शाळेच्या पटांगणात, बाजार समितीच्या आवारात, मांडवात. मंगल कार्यालय म्हणावे तर वर पत्रे आणि तिन्ही बाजू मोकळ्या. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची. तेथे तबल्याची थापही कुंपण ओलांडते. नियम सर्वांना सारखाच असला, तरी भिंती नसलेल्या गावाला तो अधिक लागला.

उरतात सवलतीचे दिवस. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून फार तर १५ दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते आणि त्या दिवसांची यादी जिल्हाधिकारी जाहीर करतात. गणेशोत्सव, नवरात्र, जयंत्या धरल्या की यादी जवळजवळ भरते, आणि त्या रात्रींत मोठा वाटा डीजेच्या भिंतींचा असतो. ज्या गोंगाटासाठी नियम झाला त्यालाच सवलत मिळावी आणि सतारीने दहाला गवसणी चढवावी, हा प्रकार गमतीचा खरा, पण हसू येत नाही.

पुण्या-मुंबईने यातून वाट काढली. सवाईची रात्रभराची सत्रे दुपार-संध्याकाळकडे सरकली. सकाळचे राग दिवाळी पहाटेने सांभाळले. वऱ्हाडात दुपारची मैफल भरवायची तर ऐन हंगामात कापूस वेचायचा कोणी?

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. मंगरूळपीर तालुक्यातील शेलूबाजारजवळून त्यावर चढले की तीन तासांच्या आत नागपूर. तेथे वसंतरावांच्या नावाचे सभागृह आहे, सुरेश भटांच्या नावाचेही आहे, दोन्ही बंदिस्त. ज्याच्याकडे मोटार आहे तो जातो. तेथेही त्याला मध्यरात्रीचा राग ऐकायला मिळेल याची खात्री नाही. सभागृहे सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा सत्रांनी भाड्याने मिळतात. रात्रीचे सत्र असावे, अशी मागणी आयोजकांकडूनही फारशी होत नाही.