जुना संगणक, नवे खेळ

परीक्षा आटोपून सुट्टी लागली, की अनेक घरांत एकच टुमणे सुरू होते. ‘‘बाबा, आपला कॉम्प्युटर फार लॅग होतो. सगळे मित्र हसतात. नवा घेऊ या ना!’’ दुकानात चौकशी करावी, तर खेळांसाठीच्या नव्या संगणकाची किंमत ऐकूनच वडील घरी परततात. मग चिडचिड, अबोला आणि आईची मध्यस्थी! वास्तविक आठ-नऊ वर्षांचा संगणक म्हणजे काही भंगार नव्हे. थोडक्या पैशांत त्याच्याकडून आणखी दोन-तीन वर्षे काम घेता येते. मात्र पैसे कोठे घालायचे, हे आधी कळायला हवे.

‘लॅग’ या एका शब्दाखाली दोन निरनिराळी दुखणी खपून जातात. ऑनलाइन खेळात चित्र सफाईने हलते आहे, पण झाडलेली गोळी लागत नाही, आपला गडी पुढे जाऊन पुन्हा मागे खेचला जातो, असे होत असेल तर दोष संगणकाचा नाही, इंटरनेटचा आहे. पडद्याच्या कोपऱ्यात ‘पिंग’चा आकडा दाखवण्याची सोय बहुतेक खेळांत असते. आपला संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागले, हे तो सांगतो. तो तीस-चाळीसच्या घरात असेल तर तक्रारीला जागा नाही. शंभराच्या पुढे गेला, किंवा सारखा वर-खाली होऊ लागला, की खेळणारा रडकुंडीला येतो. ‘व्हॅलोरंट’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक २’ या दोन्ही खेळांचे सर्व्हर मुंबईत आहेत. तरी चुकून सिंगापूरचा सर्व्हर निवडलेला असतो आणि शिव्या मात्र संगणकाला बसतात! वाय-फायऐवजी राउटरपासून संगणकापर्यंत साधी लॅनची केबल टाकली, तर काहीशे रुपयांत हे दुखणे पुष्कळदा बरे होते. त्याच वेळी बाहेरच्या खोलीत कोणी टीव्हीवर सिनेमा पाहत असेल, तर तेवढी तडजोड घरातल्या घरात करावी.

दुसरे दुखणे मात्र खरोखर संगणकाचे. येथे चित्रच अडखळते. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची, तर प्रत्येक चित्र तयार करायला संगणकाला जेमतेम १६-१७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात काम उरकले नाही, की डोळ्याला झटका जाणवतो.

आता गुन्हेगार कोण, हे शोधायचे. खेळ चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली, की टास्क मॅनेजर उघडतो. प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि ग्राफिक्स यांपैकी कोणाचा आकडा शंभर टक्क्यांना चिकटून बसला आहे, ते पाहावे. आणखी एक सोपी कसोटी आहे. खेळाच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन कमी करून पाहावे. खेळ एकदम सुरळीत झाला, तर ग्राफिक्स कमी पडते आहे. काहीच फरक पडला नाही, तर बहुधा प्रोसेसर दमला आहे. ही पाच मिनिटांची तपासणी न करता बाजारात जाणे म्हणजे डॉक्टरांना न दाखवता औषध आणण्यासारखे आहे.

खर्चाआधी एक फुकटचा उपाय. वीज बंद करून कॅबिनेट उघडावे आणि मऊ ब्रशने धूळ काढावी. आपल्याकडची धूळ आणि एप्रिल-मेचा उकाडा यांमुळे प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. ‘पहिली दहा मिनिटे छान चालतो, मग रखडतो’ या तक्रारीमागे बरेचदा हेच कारण असते. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळली असेल, तर तीही बदलून घ्यावी.

पहिला खर्च एसएसडीचा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी ती बसवली, की सारा संगणक तरतरीत होतो. मात्र तिच्यामुळे सेकंदाला दिसणारी चित्रे वाढत नाहीत, हे दुकानदार सांगत नाही. खेळ लवकर उघडतो, नवा भाग येताना बसणारे हिसके कमी होतात, एवढेच.

दुसरा खर्च मेमरीचा. आठ जीबी असेल तर सोळा करावी, आणि शक्यतो दोन सारख्या पट्ट्या लावाव्यात. दोन वाटांनी माहिती ये-जा करते. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात तर हा फरक चांगलाच जाणवतो. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ यांच्या खाचा वेगळ्या असतात, म्हणून जुनी पट्टी सोबत घेऊनच दुकानात जावे. २०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर भडकले, तेव्हा चार ठिकाणी विचारल्याशिवाय पाकीट उघडू नये. रंगीबेरंगी दिवे लागणाऱ्या पट्ट्यांना जास्त पैसे मोजायचे कारण नाही. दिव्यांनी वेग वाढत नाही.

खरी उडी मारायची ती ग्राफिक्स कार्डाने, आणि फसगतही येथेच होते. कंपन्यांच्या तयार ऑफिस संगणकात वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, पुष्कळदा लहान असतो आणि त्याचे जोडही वेगळ्याच घाटाचे असतात. मोठे कार्ड आणले, तर ते बसते, पण चालत नाही! अशा ठिकाणी ७५ वॉटमध्ये भागणारे कार्ड शोधावे. २०१९मध्ये आलेल्या जीटीएक्स १६५०ची बरीच मॉडेले मदरबोर्डच्या खाचेतूनच वीज घेतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट येथे जुनी कार्डे मिळतात. मात्र २०२२च्या सप्टेंबरात इथेरियमचे ‘खाणकाम’ बंद पडल्यावर रात्रंदिवस राबवलेली ढीगभर कार्डे बाजारात आली. शिवाय पुरातन कार्डावर नव्याचे नाव चढवून विकणारेही आहेत. ‘जीपीयू-झेड’ हा मोफत प्रोग्राम दुकानातच चालवून पाहावा, नकली कार्ड पकडले जाते. कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल त्याच्याच खाचेत लावावी. ती मदरबोर्डाला तशीच राहते आणि ‘काही फरक नाही’ म्हणून घरोघरी भांडणे होतात.

प्रोसेसरच कमी पडत असेल, तर हात आखडता घ्यावा. त्याच्यासाठी मदरबोर्ड, मग मेमरी, असे शेपूट वाढत जाते. दुसरे असे, की विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर स्वीकारत नाही. त्याहून जुन्या संगणकावर एसएसडी आणि मेमरी यांपलीकडे खर्च करू नये. ग्राफिक्स कार्ड घेतलेच, तर उद्या नव्या संगणकात काढून लावता येईल असे घ्यावे.

काढलेली हार्ड डिस्क भंगारवाल्याला देऊ नये. कॅबिनेटात दुसरी जागा असतेच. घरच्या लग्नाचे, बारशाचे फोटो तिच्यात सुखाने राहतील. फक्त त्यांची आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवावी, कारण जुनी डिस्क बंद पडताना सांगून पडत नाही.